पारानालवरची रात्र कोणाची? आंतरराष्ट्रीय वेधशाळेतलं संशोधन आणि नोकरी

खगोलशास्त्रात करिअर म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना विद्यापीठातली प्राध्यापकी किंवा इस्रो एवढंच आठवतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ म्हणून पूर्णवेळ नोकरी असते, तिथे पीएचडीच्या विद्यार्थ्यांपासून आरशांची निगा राखणाऱ्या अभियंत्यांपर्यंत शेकडो माणसं काम करतात आणि त्यातल्या बऱ्याच जागांसाठी भारतीयांनाही अर्ज करता येतो. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना हे कोणी सांगितलेलंच नसतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून मी युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी, म्हणजे ईएसओ, घेतली आहे. तिची कामाची पद्धत एकदा कळली की बाकीच्या मोठ्या वेधशाळांचा कारभारही बराचसा उलगडतो.

ईएसओ कुठल्या एका देशाची नाही. १९६२ साली बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडन या पाच देशांनी करार करून ती उभी केली. आज युरोपातले १६ देश तिचे सदस्य आहेत आणि खर्च ते सगळे मिळून उचलतात. मुख्यालय जर्मनीत, म्युनिकजवळच्या गार्शिंगला. दुर्बिणी मात्र तिथून सुमारे अकरा हजार किलोमीटरवर, चिलीच्या अटाकामा वाळवंटात. इतक्या लांब जाण्याचं कारण सरळ आहे. आपल्या आकाशगंगेचं केंद्र दक्षिण गोलार्धातून डोक्यावर येतं. मध्य युरोपातून ते क्षितिजाच्या जवळच राहतं. शिवाय अटाकामा जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशांपैकी एक. पश्चिमेला थंड सागरी प्रवाह, पूर्वेला अँडीजच्या रांगा, त्यामुळे ढग खालीच राहतात आणि वर्षातल्या बहुतेक रात्री निरभ्र असतात.

तिथे ईएसओची सर्वांत जुनी जागा म्हणजे ला सिया, सुमारे २४०० मीटर उंचीवर. तिथल्या ३.६ मीटरच्या दुर्बिणीवर हार्प्स नावाचा वर्णपटमापक आहे. ताऱ्याभोवती ग्रह फिरत असला की तारा किंचित डुलतो, आणि ते डुलणं हार्प्स पकडतो. सूर्याला सर्वांत जवळचा तारा असलेल्या प्रॉक्झिमाभोवती ग्रह असल्याचं २०१६ साली जाहीर झालं, त्यात हार्प्सचा मोठा वाटा होता. दुसरी जागा पारानाल, २६३५ मीटरवर. तिथे व्हेरी लार्ज टेलिस्कोप, म्हणजे व्हीएलटी: प्रत्येकी ८.२ मीटर व्यासाचा आरसा असलेल्या चार दुर्बिणी. तिसरी चाखनंतोरचं पठार, ५००० मीटरवर. ६६ अँटेनांची अल्मा ही वेधशाळा युरोप, अमेरिका आणि जपान मिळून चिलीच्या सहकार्याने तिथे चालवतात. पारानालजवळच्याच आर्मासोनेस डोंगरावर ३९ मीटर आरशाची एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप, ईएलटी, उभी राहते आहे. तिचा मुख्य आरसा षटकोनी ७९८ तुकड्यांचा आहे.

आता मुख्य प्रश्न. या दुर्बिणी रात्री कोण वापरतं?

वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ हवं तेव्हा दुर्बीण हव्या त्या ताऱ्याकडे वळवत असतील, अशी अनेकांची कल्पना असते. प्रत्यक्षात तिथल्या खगोलशास्त्रज्ञालाही स्वतःच्या संशोधनासाठी दुर्बिणीचा वेळ इतर सगळ्यांसारखाच अर्ज करून मिळवावा लागतो. मागणी उपलब्ध वेळेच्या कितीतरी पट असते. अर्ज म्हणजे काही पानांचा प्रस्ताव: प्रश्न कोणता, तो महत्त्वाचा का, हीच दुर्बीण आणि हेच उपकरण का हवं, किती तास लागतील आणि तेवढेच का. हे तास फुगवून मागितले तर परीक्षकांच्या लगेच लक्षात येतं. कमी मागितले तर वेळ मिळूनही उत्तर हाती लागत नाही. चांगला प्रस्ताव लिहिणं हे या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं कौशल्य आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते आपल्या अभ्यासक्रमांत जवळजवळ कुठेच शिकवलं जात नाही.

अलीकडच्या काही वर्षांत इथे दोन महत्त्वाचे बदल झाले. पहिला म्हणजे प्रस्तावावर नाव नसतं. कोणी लिहिला, कुठल्या संस्थेतून आला, हे परीक्षकांना कळत नाही, आणि स्वतःची ओळख पटेल असं काहीही मजकुरात लिहायचं नसतं. दुसरा बदल छोट्या प्रस्तावांचा: जो प्रस्ताव पाठवतो, त्यानेच इतर काही जणांचे प्रस्ताव वाचून गुण द्यायचे. अल्मामध्येही याच दोन पद्धती आहेत. नाव झाकण्याची पद्धत हबल दुर्बिणीसाठी आधी वापरली गेली, आणि ती लागू झाली त्याच फेरीत स्त्री शास्त्रज्ञांच्या यशाचं प्रमाण पुरुषांच्या पुढे गेलं. फारशा परिचित नसलेल्या संस्थेतून आलेल्या तरुण संशोधकाला यामुळे खरोखर संधी मिळते. आणि इतरांचे प्रस्ताव तपासावे लागल्याने आपला कुठे फसतो, तेही उमगतं.

प्रस्ताव मंजूर झाला तरी शास्त्रज्ञाला चिलीला जावं लागतंच असं नाही. पारानालवरची बहुतेक निरीक्षणं सर्व्हिस मोडने होतात. शास्त्रज्ञ आपल्या निरीक्षणाचे छोटे छोटे हप्ते आधीच बारकाईने लिहून ठेवतो: कुठला पिंड, कुठलं फिल्टर, किती वेळ, आकाश किती स्थिर हवं, चंद्र किती लांब हवा. त्याच्या वतीने ते पार पाडतात वेधशाळेतले खगोलशास्त्रज्ञ. या नोकरीचा गाभा इथे आहे. पारानालवर जागणारा खगोलशास्त्रज्ञ बहुतांश रात्री दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नासाठी जागतो आणि त्या बदल्यात त्याला स्वतःच्या प्रश्नांसाठी पगारी वेळ मिळतो. ही देवघेव मनापासून पटत असेल, त्यानेच या वाटेला जावं.

रात्रीचं काम चालतं कसं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरून ते दिसत नाही. दुर्बिणी डोंगरमाथ्यावर, आणि माणसं त्यांच्या खालच्या बाजूला असलेल्या नियंत्रण इमारतीत, पडद्यांसमोर. डोळा लावून कोणी पाहत नाही. प्रत्येक दुर्बिणीसाठी एक ऑपरेटर असतो, तो यंत्र हाताळतो. सोबत सपोर्ट अ‍ॅस्ट्रॉनॉमर, जो पुढे काय पाहायचं ते ठरवतो. समोर रांगेत शेकडो हप्ते असतात आणि हवा तासातासाला बदलते. वातावरणातल्या उलथापालथीमुळे ताऱ्याचा ठिपका पसरतो. त्या पसरण्याच्या मापाला सगळे सीइंग म्हणतात आणि ते आर्कसेकंदात मोजतात. एक आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. पारानालवर चांगल्या रात्री सीइंग एका आर्कसेकंदाच्या बरंच आत असतं. ते अर्ध्यावर आलं की कुणाचा तरी सर्वांत नाजूक हप्ता, जो कदाचित कित्येक महिने ताटकळला असेल, तो लगेच सुरू करायचा. मध्येच वारा वाढला की थांबवून कमी नाजूक काम घ्यायचं. शेवटी नोंद करायची: मागितलेल्या अटी पूर्ण झाल्या, थोड्या हुकल्या, की पुन्हा घ्यावं लागेल. हजारो मैलांवरच्या अनोळखी संशोधकाची पीएचडी या निर्णयावर अडकलेली असू शकते.

कधी कधी सगळं बाजूला ठेवावं लागतं. कुठेतरी गॅमा किरणांचा स्फोट झाला किंवा गुरुत्वीय लहरींचा इशारा आला की तातडीच्या निरीक्षणांना अग्रक्रम मिळतो. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची लहर टिपली गेली. त्यानंतरचे दिवस चिलीतल्या वेधशाळांमध्ये कमालीच्या धावपळीचे होते. व्हीएलटीवरच्या एक्स-शूटर उपकरणाने त्या फिकट होत जाणाऱ्या प्रकाशाचे वर्णपट घेतले, आणि सोन्यासारखी जड मूलद्रव्यं अशा टकरींत तयार होतात या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. अशा वेळी नियंत्रण कक्षातल्या माणसाला त्या विषयाची जाण हवी. ईएसओ या कामावर संशोधन करणारेच लोक नेमते, त्याचं एक कारण हेही आहे.

पाळी साधारण आठवडाभराची. तिला तिकडे तुर्नो म्हणतात. सान्तियागोहून विमानाने अंतोफागास्ता, मग वाळवंटातून बस. मुक्काम रेसिदेन्सियामध्ये: अर्धवट जमिनीत बांधलेली इमारत, आत झाडं आणि पाणी, म्हणजे कोरड्या हवेत थोडा ओलावा राहतो. पाणी टँकरने येतं. अंधार पडायच्या आत पडदे ओढावे लागतात, कारण बाहेर गेलेला उजेड दुर्बिणींच्या कामाचा नाही.

तरुण खगोलशास्त्रज्ञासाठी ईएसओतला सर्वांत परिचित प्रवेश म्हणजे ईएसओ फेलोशिप. ही पीएचडीनंतरची नेमणूक, दोन ठिकाणी मिळते. गार्शिंगची फेलोशिप तीन वर्षांची. तिथे जास्तीत जास्त पाव वेळ वेधशाळेच्या कामाला द्यायचा: उपकरणांच्या चाचण्या, वापरकर्त्यांना मदत, डेटाची गुणवत्ता, विज्ञानप्रसार. उरलेला वेळ स्वतःच्या संशोधनाचा. चिलीची फेलोशिप वेगळी आहे. पहिली तीन वर्षं वर्षाला ८० रात्री पारानालवर किंवा तेवढंच काम अल्मात, आणि त्यानंतर एक चौथं वर्ष, ज्यात ड्युटी नाही, फक्त संशोधन. ते वर्ष चिलीतल्या किंवा सदस्य देशातल्या संस्थेतही घालवता येतं. अर्जाची अंतिम तारीख बरीच वर्षं ऑक्टोबरच्या मध्यावर असते. त्या त्या वर्षीची जाहिरात पाहूनच नक्की करावी. प्राधान्य सदस्य देशांच्या नागरिकांना असलं तरी दार कुठल्याही राष्ट्रीयत्वाला बंद नाही. मानधनाशिवाय स्थलांतराचा खर्च आणि कुटुंबासाठी साहाय्य मिळतं. कामाची भाषा इंग्रजी. चिलीत राहायचं तर मात्र स्पॅनिश शिकलेली बरी.

दोन्हींतली कोणती निवडावी, असं मला कोणी विचारलं तर माझं उत्तर त्या माणसाच्या स्वभावावर ठरेल. ज्याला उपकरण आतून समजून घ्यायचं आहे, रात्री निर्णय घ्यायची हौस आहे, त्याने चिली. वर्षाला ८० रात्री म्हणजे फार मोठा अनुभव आहे. विद्यापीठातल्या अनेक प्राध्यापकांच्या वाट्याला अख्ख्या आयुष्यात एवढ्या रात्री येत नाहीत. पण त्याची किंमतही आहे. पाळीवरून परतल्यावर झोपेचं चक्र सावरायला वेळ लागतो, आणि लेख लिहिण्याची लय तुटते. ज्याचं संशोधन सलग बसून करायचं, सिद्धांताकडे झुकणारं आहे, त्याला गार्शिंग सोयीचं. तिथे आवारातच माक्स प्लांक संस्था आहेत, तंत्र विद्यापीठाचा परिसर आहे. रोज कोणाचं तरी व्याख्यान असतं.

पीएचडी चालू असतानाही जाता येतं. ईएसओची स्टुडंटशिप एक ते दोन वर्षांची असते. विद्यार्थी नोंदलेला आपल्याच विद्यापीठात राहतो, पदवीही तिथलीच, पण तेवढा काळ गार्शिंग किंवा सान्तियागोत ईएसओच्या शास्त्रज्ञाबरोबर काम करतो. हे मुख्यतः सदस्य देशांतल्या विद्यापीठांसाठी आहे, बाहेरच्यांना अपवादाने. म्हणून जर्मनी, नेदरलँड्स किंवा इटलीत पीएचडी करणाऱ्या मराठी मुलांनी याची चौकशी पहिल्याच वर्षी करावी.

त्यापुढची पायरी म्हणजे कर्मचारी खगोलशास्त्रज्ञ. सुरुवातीचा करार बहुधा तीन वर्षांचा, पुढे वाढण्याची शक्यता. काही जागा संशोधनाकडे जास्त झुकलेल्या, काही वेधशाळा चालवण्याकडे. जागा थोड्या निघतात आणि अर्ज जगभरातून येतात, त्यामुळे फेलोशिप संपली की तिथेच सामावून घेतील हे गृहीत धरू नये. बहुसंख्य फेलो दुसरीकडे जातात: विद्यापीठांत, इतर वेधशाळांत, काही उद्योगात. चिलीतली विद्यापीठं हाही एक रस्ता आहे. यजमान देश म्हणून चिलीतल्या संस्थांसाठी दुर्बिणींचा १० टक्के वेळ राखून ठेवलेला असतो. त्यामुळे तिथल्या खगोलशास्त्र विभागांची गेल्या काही दशकांत चांगली वाढ झाली, आणि ते परदेशी पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेले संशोधक, घेतात.

अभियंत्यांच्या जागांबद्दल मात्र मला जास्त आग्रहाने सांगायचं आहे. मोठी दुर्बीण हे मुळात नियंत्रणशास्त्राचं काम आहे. व्हीएलटीच्या येपुन या चौथ्या दुर्बिणीवरून नारंगी रंगाचे चार लेसर आकाशात सोडले जातात. प्रत्येकाची शक्ती २२ वॅट. जमिनीपासून सुमारे ९० किलोमीटरवर सोडियमच्या अणूंचा एक विरळ थर आहे, तो लेसरने चमकतो आणि आकाशात कृत्रिम तारा तयार होतो. त्या ताऱ्याचा प्रकाश हवेतून खाली येताना किती वाकडातिकडा झाला ते मोजायचं आणि सेकंदाला शेकडो वेळा आरशाचा आकार बदलून ती विकृती काढून टाकायची. ईएलटीत याच कामासाठी २.४ मीटर व्यासाचा, पाठीमागे त्याचा आकार बदलणारे पाच हजारांहून जास्त अ‍ॅक्च्युएटर असलेला पातळ आरसा असेल. ऑप्टिक्स, मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, रिअल-टाइम सॉफ्टवेअर, डिटेक्टर, क्रायोजेनिक्स: हे सगळं तिथे लागतं. इंजिनिअरिंग केलेल्या ज्या मुलांना खगोलशास्त्राची ओढ आहे, त्यांनी ‘आता उशीर झाला’ असं समजू नये.

अशा उपकरणांतून विज्ञान काय निघतं, याचा एकच दाखला देतो. पारानालवरच्या चारही दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणणारं ग्रॅव्हिटी नावाचं उपकरण आहे. आकाशगंगेच्या केंद्राभोवती एस-टू नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी घालतो. मे २०१८ मध्ये तो केंद्राच्या सर्वांत जवळून गेला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून जास्त होता. त्याच्या प्रकाशाच्या तरंगलांबीत आइन्स्टाइनच्या सिद्धांताप्रमाणे होणारी वाढ मोजता आली. तिथे सूर्याच्या चाळीस लाख पट वस्तुमानाचं कृष्णविवर असल्याच्या कामासाठी राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं. गेन्झेल यांच्या गटाची निरीक्षणं ईएसओच्या दुर्बिणींवरची, आणि त्यांची सुरुवात १९९० च्या दशकात ला सियावर झालेली. जवळजवळ तीन दशकं एकाच ताऱ्याचा पाठलाग करता आला, कारण दर वर्षी कोणीतरी उपकरण नीट ठेवलं आणि रात्री निरीक्षणं घेतली. त्यातल्या बहुतेकांची नावं कोणाला माहीत नाहीत.

आता आपल्याकडून जायचं तर कसं. भारत ईएसओचा सदस्य नाही. दुर्बिणीच्या वेळेसाठी भारतातून प्रस्ताव पाठवता येतो, पण सदस्य देशांबाहेरच्या चमूंना जास्त कडक निकष लागतात, म्हणून व्यवहारात युरोपातल्या सहकाऱ्यांबरोबर जाणं शहाणपणाचं. नोकरीसाठी पासपोर्टापेक्षा पीएचडीत काय केलंत ते आधी पाहिलं जातं. ती भारतात केली तरी चालते. पुण्यात आयुका आणि एनसीआरए, मुंबईत टीआयएफआर, बंगळुरूला आयआयए, नैनितालला एरीज, अहमदाबादला पीआरएल या संस्थांतून पीएचडी करून लोक जगभर जातात. फिजिक्स, गणित किंवा इंजिनिअरिंग, यांतलं काहीही घेऊन जेस्टसारख्या पीएचडीच्या प्रवेशपरीक्षांतून आत शिरता येतं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या हाताशी एक मोठी गोष्ट आहे, तिचा उपयोग करायला हवा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जागतिक दर्जाची रेडिओ दुर्बीण. तिच्यासाठीही जगभरातून प्रस्ताव येतात आणि समिती वेळ वाटते, म्हणजे ईएसओत लागणारी सगळी शिस्त पुण्याच्या आसपासच शिकता येते. शिवाय भारत स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे, म्हणजे एसकेए या वेधशाळेचा सदस्य आहे. त्यासाठी १२५० कोटी रुपयांच्या सहभागाला केंद्र सरकारने मान्यता दिली आहे. एसकेएचं मुख्यालय इंग्लंडमध्ये जॉड्रल बँकला, आणि अँटेना दक्षिण आफ्रिका व पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये एनसीआरएच्या पुढाकाराने भारतीय चमूंनी मोठं काम केलं आहे. रेडिओ खगोलशास्त्र आवडणाऱ्याने ईएसओबरोबर एसकेएच्या जाहिरातींवरही नजर ठेवावी, कारण तिथे आपण सदस्य देशाचे नागरिक म्हणून अर्ज करतो.

कुटुंबाची बाजूही आधी बोलून घ्यावी. तीन वर्षं एका खंडात, मग कदाचित दुसऱ्या. जोडीदाराचं काम काय, त्याला किंवा तिला तिथे काही करता येईल का, आईवडिलांकडे कोण पाहणार. या क्षेत्रातली बरीच हुशार माणसं याच प्रश्नांवर अडतात. त्यात कमीपणा काही नाही.

आणि ज्याला अजून कुठेच अर्ज करायचा नाही, त्यालाही आज रात्रीपासून कामाला लागता येतं. ईएसओच्या दुर्बिणींवर घेतलेला बहुतेक डेटा ज्याचा प्रस्ताव होता त्याच्याकडे साधारण वर्षभर राखीव राहतो आणि मग सगळ्यांसाठी मोफत खुला होतो. अल्माचंही तसंच. दुसऱ्याने वेगळ्या प्रश्नासाठी घेतलेल्या निरीक्षणांतून नवे शोधनिबंध निघतात, आणि ते ईएसओच्या एकूण निबंधांचा लक्षणीय भाग आहेत. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिच्यातलं खगोलशास्त्रासाठीचं अ‍ॅस्ट्रोपाय हे पॅकेज आलं की सुरुवात होते. रेडिओसाठी कासा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते जीएमआरटीच्या डेटावरही चालतं आणि अल्माच्याही. एखाद्या जुन्या निबंधातला एक आलेख निवडावा, त्याचा मूळ डेटा अर्काइव्हमधून उतरवावा आणि तोच आलेख स्वतः काढून पाहावा. जमला नाही तर का जमला नाही ते शोधायला जे आठवडे जातात, त्याच आठवड्यांबद्दल पुढे मुलाखतीत सर्वांत जास्त प्रश्न विचारले जातात.